जाऊबाईंच्या वतीनं

मंगळवार, ४ मार्च

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की वहीत काढावा, माणसांवर काढू नये. मी जन्मभर दोन्हीकडे काढत आले, त्यामुळे तो कधी साठला नाही. अलीकडे घरात ओरडायला माणूस उरलेलं नाही, म्हणून ही नवी वही.

पुतण्यानं मला एका ऑनलाइन गटात घातलं. विचारलं नाही, घातलं. घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी आधारगट, दर मंगळवारी दुपारी. मी त्याला फोनवर म्हटलं, "मला कसला आधार? मी काय वेल आहे?"

"काकू, एकदा बसून तर बघ. आईचं करता करता तुझा जीव..."

"माझ्या जिवाचं मी बघते. तू रविवारी आईला फोनवर नीट तोंड दाखवत जा. नुसतं कपाळ दिसतं."

त्याची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे दोघींचेही नवरे गेले, आता दोघींत एक घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जाऊबाईंना स्नायूंचा आजार आहे. आधी हात गेले, मग पाय, गेल्या वर्षी वाचा. डोकं शाबूत आहे आणि कान माझ्यापेक्षा तिखट. हो म्हणायचं असलं की डोळे मिटतात, नाही म्हणायचं असलं की खिडकीकडे बघतात. एवढ्यावर आमचं घर चालतं. तसं पूर्वीही एवढ्यावरच चालायचं. त्या अर्धं वाक्य बोलून थांबायच्या, उरलेलं मी पुरं करायचे. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे त्यांच्या वतीनं मीच बोलले. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तर गट. एक समुपदेशक बाई, मागे हिरवीगार कुंडी. एक गृहस्थ, भावाला सांभाळतात म्हणे. त्यांनी कॅमेरा असा लावलाय की फक्त छताचा पंखा दिसतो, म्हणून मी त्यांना पंखा म्हणते. आणि एक तरुण सून, सासऱ्यांचं करते. प्रत्येकाचं ऐकून तिचे डोळे भरून येतात आणि "किती छान बोललात" म्हणते. तिचं नाव मी मधाळ ठेवलं.

समुपदेशक बाई प्रत्येकाच्या तोंडचा घास पळवते. पंखा म्हणाला, "कधीकधी मला..." की ही लगेच, "एकटं वाटतं." त्याला कदाचित भूक लागते असं म्हणायचं असेल. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. तिथला पहिला नियम हा की ऑपरेटरनं जोडायचं, मध्ये बोलायचं नाही. ग्राहकाच्या वतीनं उत्तर दिलं की मेमो. मी स्वतः कितीजणींना दिलेत. ही बाई माझ्या हाताखाली आठवडाभर टिकली नसती.

गुरुवार, ६ मार्च

डॉक्टर घरी येऊन गेले. पोरसवदा आहेत, पण बूट दारात काढतात.

जाऊबाईंचं वजन उतरलंय, गिळणं अवघड होत चाललंय. ते म्हणाले, पोटात नळी बसवून घ्यावी, सगळं अन्न त्यातूनच जाईल. पण ती श्वासाची ताकद आहे तोवरच बसवता येते. "हा महिना आहे आपल्या हातात. त्यानंतर मी हो म्हणेन याची खात्री नाही. आणि नको असेल तर तोही निर्णय असू शकतो, पण तो आत्ताच घ्यायला हवा. काय करायचं?"

मी सांगितलं, "त्यांना नाही चालायचं. या बाईंनी कधी कुणाकडून साधं डोकं चेपून घेतलं नाही, त्या पोटाला भोक पाडून घेतील? मी भरवते ना. चमच्यानं. माझ्या हातून अजून जातं सगळं."

"किती वेळ लागतो भरवायला?"

"लागतो तेवढा लागतो. मला कुठे कचेरी गाठायचीय?"

जाऊबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले, हे त्यांना पोचलं असणार.

मंगळवार, ११ मार्च

गटात नळीचं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं, खोटं कशाला बोला. जेवण सगळं मिक्सरमधून काढून गाळायचं, मान किंचित पुढे, अर्धा चमचा, गिळलेलं दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. घाई केली की ठसका. हे मध्यंतरी ठेवलेल्या नर्सला जमलं नव्हतं, मला जमतं.

मधाळ म्हणाली, "किती छान. आणि त्या काय म्हणाल्या?"

"कोण?"

"तुमच्या जाऊबाई. नळीबद्दल."

"त्या बोलत नाहीत. सांगितलं ना मघाशी."

"हो, ते कळलं. पण काय म्हणाल्या?"

मुलगी मंद आहे. मी ते सोडून दिलं. समुपदेशक बाईंनी माझ्या वतीनं काहीतरी हळुवार वाक्य म्हटलं, तेही सोडून दिलं.

या गटात एक 'सोबत' नावाची भानगड आहे. दोघादोघांच्या जोड्या. एकानं शनिवारी नाहीतर रविवारी दुपारी बाहेर पडायचं, तेव्हा दुसऱ्यानं टॅबलेटवरून त्याच्या माणसाशेजारी बसायचं. नुसतं बसायचं. काही बिनसलं तर शेजाऱ्यांना फोन करायचा. आमच्या समोरच्या शेजारणीकडे किल्ली असतेच. मी म्हटलं, टॅबलेटमधून काय उशी सरळ होते? पंख्यानं पहिल्यांदाच माझ्याशी बोलायचं धाडस केलं. "मॅडम, उशी होत नाही. पण मी मागच्या शनिवारी केस कापून आलो." मग त्यानं कॅमेरा खाली केला. खरोखर बरे कापले होते.

माझी जोडी मधाळशी. माझं नशीबच बलवत्तर.

शनिवार, १५ मार्च

एक्स्चेंजमध्ये बदली घ्यायची रीत होती. ड्यूटी सुटणारीच्या स्विचबोर्डाला बदलीवालीनं आधी आपला हेडसेट जोडायचा. दोघी क्षणभर एकाच लाइनवर. तिनं काही न बोलता ऐकायचं, कुठे काय चाललंय ते समजून घ्यायचं, आणि मगच पहिलीनं खुर्ची सोडायची. बोर्ड कधी रिकामा नसे.

आज मी मधाळला तसंच बसवलं. टॅबलेट उशीशेजारी स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "पाच मिनिटं तोंड मिटून बघ, मग मी निघते." ती बसली. मग मी निघाले आणि रस्त्यात येऊन उभी राहिले. कुठे जायचं तेच आठवेना. चष्म्याच्या दुकानात जाऊन दांडी घट्ट करून घेतली, ती सैल नव्हतीच. बाकावर बसून पेपर वाचला. परत येताना जिना पूर्वीपेक्षा उंच वाटला. मधल्या मजल्यावर थांबावं लागतं हल्ली. पायऱ्या घडवतानाच कुणीतरी कामचुकारपणा केलाय.

घरात शिरले तर मधाळ आपल्या नवऱ्याची नक्कल करत होती. ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या नवऱ्याची. आणि जाऊबाई हसत होत्या. त्यांना आता हसू फुटत नाही, डोळ्यांतून पाणी येतं आणि हनुवटी थरथरते. मी आधी रडतायत असं समजून धावले.

"अगं, हसतायत त्या," मधाळ म्हणाली. मला 'अगं' म्हणाली.

माझ्या कुठल्या गोष्टीला त्या शेवटच्या कधी हसल्या, ते आठवत बसले होते. असो. ओल्या टॉवेलमध्ये हसण्यासारखं काय आहे.

बुधवार, १९ मार्च

दुपारी मोठा ठसका लागला. ओठ निळे पडले. मी पाठीवर हात मारत होते, तोंड साफ करत होते, बोलत होते. निभावलं. नंतर कितीतरी वेळ त्यांचा घाम पुसत बसले. उरलेलं जेवण संध्याकाळी पुन्हा गरम करून भरवलं, कारण न खाऊन कसं चालेल. शेवटचे चार चमचे जाताना त्यांनी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "अहो जाऊबाई, एवढं संपवा, मग बघा खिडकीतून किती बघायचं ते."

माझं ताट झाकलेलं तसंच राहिलं. गार अन्न मला जात नाही. सध्या कपडेही सगळे सैल होतायत, खांद्यावरून ओघळतात. हल्लीच्या कापडात दम नाही. जाऊबाई पूर्वी शिवणवर्ग घ्यायच्या, त्यामुळे त्यांना शिवणीतली चूक सहन होत नाही. भरवताना त्यांची नजर सारखी माझ्या बाहीवर.

शनिवार, २२ मार्च

आज जे झालं ते लिहूनच काढते.

सोबतीची दुपार होती. निघाले, पण पर्स विसरले म्हणून अर्ध्या जिन्यातून परतले. चपला बाहेर काढल्या, दार हळूच उघडलं. आत मधाळचा आवाज. मी पॅसेजमध्ये थांबले. लाइन ऐकण्याचा सुपरवायझरला अधिकार असतो. बोलण्याचा नसतो.

एकच बाजू ऐकू येत होती. दुसरी बाजू म्हणजे शांतता.

"रेडिओ नको. बरं. मग काय बघताय तिकडे? दाराकडे? ... काकूंचं काही? ... डोळे मिटले, म्हणजे काकूंचंच. काकू चिडल्यात? ... नाही. काकू बारीक झाल्यात? ... हो ना, मलाही वाटलं. मंगळवारी स्क्रीनवर गळ्याची हाडं दिसली."

माझी हाडं. शंभर मैलांवरून मोजतेय.

मग ती म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला त्या नळीचं कुणी विचारलं का हो? ... खिडकी. म्हणजे नाही. बरं, मग मी विचारते, मला काही त्यातलं कळत नाही. हवीय का ती तुम्हाला?"

शांतता. घड्याळ वाजत होतं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"परत एकदा मिटा, मला नीट दिसलं नाही ... हवीय. अगदी नक्की? ... बरं. काकूंना त्रास होतो म्हणून का? ... नाही? मग स्वतःसाठी? ... हो का. स्वतःसाठी." पुन्हा शांतता. "मग काकूंना सांगू या का? ... अशा खिडकीकडे नका बघू हो. त्या काय खातात का तुम्हाला?"

मी पर्स न घेता परत खाली गेले. बाकावर बसले. पेपरही नव्हता.

रविवार, २३ मार्च

मुलीला उत्तरं वाचता येत नाहीत. स्क्रीन लहान, उजेड खिडकीतून समोर येतो. जाऊबाई डोळे मिटतात ते दमूनसुद्धा. माणूस दिवसाला हजार वेळा डोळे मिटतं, त्या प्रत्येकाला हो म्हणायचं ठरवलं तर त्यांनी चंद्रावर जायलाही होकार दिला असेल.

समुपदेशक बाईंना निरोप पाठवला की मी गट सोडतेय. त्यांचं उत्तर आलं, "तुमच्या भावना समजतात." कुठल्या, ते कळवलं असतं तर मलाही समजल्या असत्या.

पण आज मधाळच्या सासऱ्यांजवळ बसायची माझी पाळी होती, आणि लावलेली ड्यूटी मी आयुष्यात बुडवली नाही. ती नवऱ्याबरोबर बाहेर जाणार होती, कपाळाला टिकली लावून तयार. मी कालचं एक अक्षर काढलं नाही, तिनंही नाही. जाताना म्हणाली, "काकू, ते एकच शब्द बोलतात. काही म्हटलं तरी 'चला'."

म्हातारे गृहस्थ, नीट दाढी केलेले. मी पेपरातला अग्रलेख वाचून दाखवला आणि त्यातल्या चुका सांगितल्या. ते म्हणाले, "चला." मग थोड्या वेळानं, "चला." मग जरा जोरात. मी इथून काय करणार? एरवी मी उठून पाणी दिलं असतं, पांघरूण सारखं केलं असतं, कुशीवर वळवलं असतं, आणि त्यातलं एखादं बरोबर निघालं असतं. टॅबलेटमध्ये मला हात नव्हते. विचारण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. "पाणी?" "चला." "उन्हाची तिरीप येतेय?" "चला." सगळे चला सारखेच. मग मी पेपर खाली ठेवला आणि नुसती थांबले. एका प्रश्नानंतर दुसरा विचारायचा नाही, असं ठरवून थांबले. फार जड गेलं. पण थांबल्यावर कळलं की पहिल्या 'चला'नंतर ते डोळे वळवून उत्तर देत होते, माझा दुसरा प्रश्न त्याच्यावर जाऊन आदळत होता. त्यांना अग्रलेख पुरे झाला होता. माझ्या पेपराच्या पाठीवर दिसणारं खेळाचं पान हवं होतं.

खेळातलं मला काही कळत नाही. तरी वाचलं, पान संपेपर्यंत.

नंतर घरात येऊन जाऊबाईंशेजारी बसले. विचारायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आज दुधी भोपळ्याचं सूप करते, आवडतं ना तुम्हाला." आणि उठले. त्यांनी डोळे मिटले होते की नव्हते, बघितलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

पुतण्याचा फोन. डॉक्टरांनी त्यालाही कळवलंय की गुरुवारी शेवटचं काय ते सांगा. "मी त्यांना सांगितलं, काकू म्हणेल तसं. आईचं तुला जेवढं कळतं तेवढं मला कुठे."

"तुला असं का वाटतं?" मी विचारलं.

तो गोंधळला. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, मी तर नाहीच. "लहानपणापासून तूच सांगायचीस ना, आईला काय हवंय ते."

मी फोन ठेवला. गटाच्या बैठकीची वेळ झाली होती. सोडलाय तो सोडलाय, तरी उघडून बघितलं. मी आत आले तसं पंख्यानं कॅमेरा खाली केला आणि हात जोडले. मधाळनं आज डोळे भरून आणले नाहीत. मी म्हटलं, "मी फक्त ऐकायला आलेय." समुपदेशक बाई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला असं..." आणि मग थांबली. तीही शिकतेय वाटतं.

गुरुवार, २७ मार्च

दवाखान्यात नेलं. दोन माणसांनी जाऊबाईंना खुर्चीत बसवून जिना उतरवला. मी पुढे होऊन प्रत्येक वळणावर सूचना देत होते, ते माझं ऐकत नव्हते, आणि खुर्ची कुठेही लागली नाही.

डॉक्टरांनी श्वास मोजला. अजून जमेल, म्हणाले, फार दिवस नाही. मग सवयीनं माझ्याकडे वळले. पुतण्या टेबलावरच्या फोनवर होता, आज पूर्ण तोंड दिसत होतं.

"तर काय ठरलं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. कुठलं ते लिहीत नाही. अशी वाक्यं माझ्या तोंडात नेहमीच तयार असतात.

मी ते गिळलं. खिडकीकडे बघणार होते, पण आमच्यात त्याला अर्थ आहे. म्हणून पर्सच्या बक्कलकडे बघत बसले.

"काकू, बोल ना," पुतण्या म्हणाला.

"माझं काम जोडून द्यायचं," मी म्हटलं. "डॉक्टर, तुम्ही त्यांना विचारा. हो असलं की डोळे मिटतात, नाही असलं की खिडकी. विचारल्यावर थांबावं लागतं. मध्ये दुसरा प्रश्न घालायचा नाही."

डॉक्टर खुर्ची ओढून जाऊबाईंच्या समोर बसले. नीट विचारलं, सगळे धोके सांगून विचारलं. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता या नाही म्हणतील, माझ्यासाठी नाही म्हणतील, आणि मी पुन्हा चमचा हातात घेईन. तसं झालं असतं तर मला आनंद झाला असता. हेही इथेच लिहून ठेवते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

मी बक्कल उघडली, लावली. मान वर करून म्हटलं, "मी बरी आहे. तुमचं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. एवढे घट्ट की कपाळाला आठ्या पडल्या.

डॉक्टर म्हणाले, "खात्रीसाठी परत एकदा विचारतो."

"कशाला?" मी म्हटलं. "सुईत दोरा ओवावा इतकं स्वच्छ होतं ते. त्या एकदाच सांगतात." मग आठवलं आणि गप्प झाले. डॉक्टरांनी परत विचारलं. जाऊबाईंनी परत डोळे मिटले.

गेल्या कितीतरी वर्षांत त्या बाईंनी या घरात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं ते हे.

शुक्रवार, ११ एप्रिल

बऱ्याच दिवसांत वही उघडली नाही. नळी बसली, घरी येऊन आठवडा होऊन गेला. पातळ अन्न हळूहळू सोडायचं, डोकं वर ठेवायचं, शेवटी थोडं पाणी. थोड्या वेळात आटपतं. पहिले दोन दिवस मला जेवणानंतर काय करावं ते सुचेना. भांडीसुद्धा घासण्याजोगी नाहीत.

जाऊबाईंच्या गालावर रंग आलाय. दुपारी झोपतात. जाग्या असतात तेव्हा टॅबलेटवर मधाळ त्यांना घरातल्या कुरबुरी सांगते आणि त्या हसतात. मी आता पॅसेजमध्ये उभी राहत नाही, खुर्ची घेऊन तिथेच बसते. ओल्या टॉवेलात थोडं हसण्यासारखं आहे खरं. मुलगी मंद आहे हे मात्र माझं मत कायम आहे. इतकी साधी गोष्ट विचारायला हुशार माणूस धजावलं नसतं.

तिनं मला गटात विचारलं, "काकू, तुम्ही जेवता का आता वेळेवर?" मी म्हटलं, तुझं काम सासऱ्यांकडे बघायचं. तरी जेवते. ताट गरम असतं म्हणून जातं, दुसरं काही नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

डॉक्टरांनी परवानगी दिलीय, हवं असेल तर चवीपुरतं कस्टर्ड जिभेच्या टोकाला लावायचं. मी रोज संध्याकाळी वाटी घेऊन बसते, विचारते, "कस्टर्ड?" आणि थांबते. कधी हो येतं, कधी नाही. येईल ते.

आज त्यांनी खिडकीकडे बघितलं. नको. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. वाटी भरलेली होती, टाकायची कशाला, म्हणून तिथेच बसून मी स्वतः खायला लागले. छान जमलं होतं. जाऊबाई बघत होत्या, माझ्या बाहीकडे, मग चमच्याकडे, मग माझ्या तोंडाकडे. शेवटचा घास जाईपर्यंत बघत होत्या.

मी काहीच विचारलं नव्हतं. तरी त्यांनी डोळे मिटले.